परदेशात सेवेला गेल्यावर पहिले पंधरा दिवस: आधी काय, मग काय?

नवा_सेवक
सर्वांना सलाम. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको ख्रिस्ती मिशनच्या सेवेसाठी परदेशातल्या सेवाक्षेत्रावर पोहोचतोय. मलेरियाचा भाग आहे आणि भाषा शून्य. संस्थेने चार पानी यादी दिलीय, पण त्यात क्रमच नाही. पहिल्या दोन आठवड्यांत काय उरकायचं, काय मुद्दाम टाळायचं? पहिल्याच रविवारी चर्चमध्ये संदेश (प्रवचन) द्यायला सांगितलं तर?

कागदवाला
उतरल्यावर पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का बसला की खिडकीवरून हलण्याआधी तो वाचा. व्हिसाचा प्रकार आणि मुक्कामाची शेवटची तारीख, दोन्ही. चूक तिथल्या तिथे दोन मिनिटांत सुधारते, नंतर कचेऱ्यांच्या फेऱ्या. बऱ्याच देशांत राहत्या पत्त्याची नोंद ठरावीक दिवसांत करावी लागते. ते दिवस आल्या दिवसापासून मोजतात, की सुट्ट्या सोडून, हे आधीच विचारून ठेवा. परवान्यासाठी पासपोर्ट जमा करावा लागला तर पावती घ्या. फोटोचं पान, व्हिसा आणि शिक्का यांच्या प्रती कायम जवळ, दुसरा संच घरी.

आता रविवारचं. पर्यटक व्हिसावर आलेल्याने व्यासपीठावरून संदेश देणं अनेक देशांत नियमभंग धरला जातो, मानधन घेतलं नाही तरी. धार्मिक कामाचा परवाना हातात येईपर्यंत फक्त उपासनेला बसा. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) आग्रह केला तर सरळ सांगा, "कागद व्हायचे आहेत." वाईट वाटत नाही कुणाला. उलट तुम्ही अडकलात तर पहिली चौकशी त्यांचीच होते.

भाषाताई
पहिल्या आठवड्यात व्याकरणाचं पुस्तक उघडू नका. पाच ओळी ठरवा: नमस्कार, माझं नाव अमुक, मी तुमची भाषा शिकतोय, मला एवढंच येतं, उद्या परत येईन. स्थानिक माणसाकडून त्या फोनवर तीनदा रेकॉर्ड करून घ्या. एकदा नेहमीच्या वेगात सलग, एकदा प्रत्येक ओळीनंतर तुम्हाला म्हणता येईल एवढी जागा सोडून, मग पुन्हा सलग. सकाळी फक्त ऐका, दुपारपर्यंत मागोमाग म्हणा, संध्याकाळी बाहेर पडून तीस जणांना तेच ऐकवा. दहाव्या माणसापर्यंत जीभ वळते. दुसऱ्या दिवशी आणखी चार ओळी.

घोटाळा कुठे होतो? देवनागरीत लिहून घेतलं की आपले ट-ठ आणि त-थ तिथल्या उच्चारांवर स्वार होतात. भाषा सुरांची असेल तर आणखी पंचाईत, कारण सूर आपल्या लिपीत उतरतच नाही आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. म्हणून आधी कान, लिहिणं नंतर. आणि तुमच्याशी बोलून स्वतःचं इंग्रजी सुधारू पाहणारा मदतनीस घेऊ नका, महिन्याभरात तुम्हीच त्याचे शिक्षक व्हाल.

देव, पाप, तारण यांसाठी शब्दकोशातून शब्द उचलू नका. तिथली मंडळी (म्हणजे चर्च) जे वापरते तेच वापरा. चीनमध्ये देवाला 'शांगदी' म्हणावं की 'शेन', यावर मिशनऱ्यांचं एकमत झालंच नाही. बायबलच्या १९१९ च्या चिनी युनियन भाषांतराच्या आजही या दोन शब्दांच्या दोन वेगळ्या आवृत्त्या मिळतात. तिथे नवख्याने तिसरा शब्द आणायचा?

दवाखाना
मलेरियाची गोळी पोहोचल्यावर सुरू करायची नसते. डॉक्सिसायक्लिन निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, आणि तो भाग सोडल्यावरही चार आठवडे. जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्या, लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिकेत जखम होते. ऊन लवकर भाजतं. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. मेफ्लोक्विन किमान दोन आठवडे आधी सुरू करतात, कारण वाईट स्वप्नं, घाबरेपणा दिसायचा तो सहसा तेवढ्यात दिसतो आणि गोळी बदलता येते. कुठली, हे डॉक्टर ठरवतील. गोळी घेतली म्हणून मच्छरदाणी सोडू नका, तिची कड गादीखाली खोचा. पोहोचून आठवडा झाल्यावर कधीही ताप आला तर 'प्रवासाचा थकवा' म्हणून झोपू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

पिवळ्या तापाची लस लागत असेल तर प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. आदल्या आठवड्यात धावाधाव नको.

पाणी खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. लोक पाणी उकळतात आणि सरबतात बाहेरचा बर्फ टाकतात! जुलाब झाले आणि ओआरएसची (क्षार-साखरेची) पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ वाढवू नका.

नवा_सेवक
खूप आभार. आणखी एक: आल्या आल्या कुणी पैसे मागितले तर? आणि प्रार्थनापत्र (घरच्या लोकांनी प्रार्थना करावी म्हणून पाठवायचं ख्यालीखुशालीचं पत्र) कधी पाठवावं?

कागदवाला
पहिले तीन महिने एकट्याने पैसे देऊ नका, कर्जाऊ तर नाहीच. "मंडळीच्या वडीलजनांना विचारतो" म्हणा आणि खरंच विचारा. खरी गरज कुणाची आणि दर नव्या माणसाकडे कोण येतं, हे त्यांना ठाऊक असतं. घरकामाच्या माणसाचा पगारही त्यांनाच विचारून ठरवा. जास्त दिलात तर शेजारच्या घरांत कुरबुर सुरू होते.

पोहोचल्याचं दोन ओळींत कळवा. सविस्तर पत्र सहा आठवड्यांनी, कारण पहिल्या आठवड्यातली मतं नंतर मागे घ्यावी लागतात. पत्र पुढे पाठवलं जातं, कुणाच्याही हाती लागतं. त्यामुळे स्थानिक विश्वासणाऱ्यांची नावं, चेहरे, गावाचं नाव नको. फोटोतल्या पाट्यासुद्धा बघा.

भाषाताई
आणि ते पत्र तिथल्या पाळकांना वाचून दाखवायला लाज वाटेल असं असेल, तर पाठवू नका.