'वुड यू ईट इट?' हा तास पोरखेळ नाही

फळाखडू
काल इथे अर्धविराम यांनी लिहिलं की सेकंड कंडिशनल (कल्पनेतल्या अटीचं 'इफ... वुड' वाक्य) शिकवायला किडे, आंबवलेले मासे आणि अळ्यांचं चीज दाखवणं हा पोरखेळ आहे; मुलं ईऽऽ करतात आणि व्याकरण आहे तिथेच राहतं. तास फसतो हे खरं, पण तो पदार्थांमुळे फसत नाही, प्रश्नामुळे फसतो. 'वुड यू ईट इट?' विचारलं की 'नो, आय वुडन्ट' एवढंच उत्तर येतं. ज्यासाठी तास घेतला ते 'इफ'चं वाक्य कुणाच्या तोंडून निघतच नाही.

मुलांना अट बदलायला लावा. आइसलँडचा हाकार्ल घ्या. ग्रीनलँड शार्कचं ताजं मांस विषारी असतं, म्हणून ते काही आठवडे आंबवून मग काही महिने टांगून वाळवतात. अमोनियाचा भपकारा येतो. एवढं तीन वाक्यांत सांगा, चित्र शेवटी दाखवा. जोडीतल्या एकाने अट घालायची: 'इफ इट डिडन्ट स्मेल, वुड यू ट्राय इट?', 'इफ यू वेअर अ गेस्ट, वुड यू रिफ्यूज?' दुसऱ्याने अटीसकट पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. नकार द्यायचा असेल तर 'ईव्हन इफ' लावूनच. तीन अटी झाल्या की पुढचा पदार्थ. तासाला चार पदार्थ पुरेत. दहा घेतलेत तर नुसता चित्रांचा कार्यक्रम होतो.

अर्धविराम
पोरखेळ हा शब्द मी मागे घेत नाही. फिलिपिन्समधल्या मुलाला बलुत (आत पिल्लू वाढू लागलेलं, उकडलेलं बदकाचं अंडं) दाखवून 'इफ समवन ऑफर्ड यू धिस' शिकवणार का? त्याच्या घरी ते खातात. तो बरोबरच म्हणेल, 'इफ यू गिव्ह मी वन, आय विल ईट इट.' तुम्ही ते वाक्य चूक म्हणून खोडाल, आणि वर त्याचं जेवण विचित्र ठरवाल.

फळाखडू
अहो, फर्स्ट (खऱ्या शक्यतेचं 'इफ... विल') आणि सेकंडमधला फरक शिकवायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? पदार्थ तोच, पण खाणाऱ्यासाठी शक्यता खरी आहे आणि न खाणाऱ्यासाठी कल्पनेतली. म्हणून पहिली पाच मिनिटं 'हॅव यू एव्हर ईटन' विचारायचं. ज्यांनी खाल्लंय ते त्या पदार्थापुरते उत्तरं देत नाहीत, चव आणि कृती सांगतात. बाकीचे एकमेकांना अटी घालून विचारतात. खोडायचं काहीच नाही.

रफवही
मूळ अडचण दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. आपली मुलं 'इफ'च्या वाक्यात का चुकतात? 'दिलंस तर खाईन' यात मराठी भूतकाळाचं रूप वापरते, आणि अट मात्र खरीच शक्य असते. उलट 'मी राजा असतो तर' यातलं 'असतो' दिसतं 'मी घरी असतो' यातल्यासारखं, आणि अट अशक्य. म्हणजे इंग्रजीच्या नेमकं उलटं; तिथे भूतकाळाचं रूप कल्पनेतल्या अटीला लागतं. म्हणून मूल 'इफ आय ऍम किंग' लिहितं. शिवाय 'भूक असती तर खाल्लं असतं' हे आपल्याला आत्तासाठीही चालतं आणि कालसाठीही. इंग्रजीत दोन वेगळे साचे लागतात. संकेतार्थ, म्हणजे ही अटीची रूपं, आधी मराठीत फळ्यावर मांडा, मग शार्क आणा.

काना_मात्रा
आणि 'इफ आय वॉज' म्हणणाऱ्यांना कोण आवरणार? 'वेअर'च हवं. भूतकाळाचं रूप असलं तरी काळ भूत नाही, हे दाखवणारी तीच एक खूण उरली आहे.

अर्धविराम
बोलण्यात 'इफ आय वॉज' सर्रास चालतं. 'इफ आय वेअर यू' तेवढं पक्कं ठेवा आणि पुढे चला. या एका क्रियापदावर अर्धा तास जातो आणि 'इफ आय वुड ईट' तसंच वहीत राहतं.

काना_मात्रा
चालतं म्हणून शिकवायचं? मग व्याकरण शिकवताच कशाला! आणि 'इफ'नंतर 'वुड' नेहमीच चूक नसतं. 'इफ यू वुड वेट हिअर' ही सभ्य विनंती आहे. शिक्षकांनाच हे ठाऊक नसतं.

रफवही
ठाऊक असतं हो! विनंतीतलं 'वुड' म्हणजे तयारी, आणि नवशिक्याला अटीच्या दिवशी ते दाखवलं की पुढचा महिनाभर दोन्हीकडे 'वुड' लागतं. कधी काय दाखवायचं याला शिकवणं म्हणतात. सगळं माहीत असणं म्हणजे शिकवणं नव्हे.

काना_मात्रा
ठीक. पहिल्या दिवशी नको. पण 'वेअर'वर मी ठाम आहे.

मधली_सुट्टी
'वेअर'वर एवढं रण पेटलं आणि जिथे कान फसतो ते कुणी बोललंच नाही. 'आय वुड'चं आखूड रूप घेऊन 'आय'ड ट्राय इट' म्हणताना 'ड' पुढच्या 'ट'मध्ये विरून जातो. ऐकू येतं 'आय ट्राय इट', आणि मूल तेच लिहितं. सुरुवातीला 'ईट' घ्या, कारण स्वरापुढे 'आय'ड ईट'मधला 'ड' स्पष्ट लागतो. 'ट्राय' आणि 'टेस्ट' नंतर. फक्त 'वुडन्ट'चा सराव केला तर ही चूक झाकलेली राहते, म्हणून निदान एक पदार्थ असा निवडा की बरेच जण हो म्हणतील.

फळाखडू
हे माझ्याकडून राहिलं होतं. थर्ड कंडिशनललाही (होऊन गेलेल्या गोष्टीची कल्पित अट) हाच विषय पुरतो. सार्डिनियाच्या कासू मार्झू चीजमध्ये जिवंत अळ्या असतात. पाहुण्याने आधी खाल्लं आणि मग त्याला कळलं, अशी कल्पना करा: 'इफ आय हॅड नोन, आय वुडन्ट हॅव ईटन इट.' खाऊन झालंय, आता अट बदलता येत नाही. दोन साचे वेगळे का, ते नियम न सांगता उमजतं.

अर्धविराम
हे उदाहरण चांगलं आहे, ते मी घेईन. मात्र फळ्यावर 'विअर्ड फूड' हे शीर्षक लिहू नका. 'फूड आय हॅवन्ट ट्राइड' लिहा. तेवढं केलंत तर माझा विरोध फक्त चित्रांना उरतो.