अनुभव धागा: स्पेनच्या खेड्यापाड्यांतून सायकल

रानवाट
स्पेन आणि सायकल म्हटलं की गप्पा थेट वुएल्टा या सायकल शर्यतीच्या घाटांवर जातात, नाहीतर मायोर्का बेटाच्या गुळगुळीत रस्त्यांवर. ते सगळं छानच आहे, पण इथे नको. कॅरिअरला बॅगा लावून, गावागावांत थांबत, रमतगमत जे कोणी गेलेत त्यांनी लिहावं. रस्ता कुठला, खडी की डांबर, पाणी कुठे भरलंत, पोटाचं काय केलंत? फोटो नसले तरी चालतील. मीच सुरुवात करते.

दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातला विया वेर्दे दे ला सिएर्रा. ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो, साधारण 36 किलोमीटर. हेरेसहून अल्मार्गेनकडे जाणारी रेल्वे म्हणून 1920 च्या दशकात हे काम सुरू झालं. डोंगर पोखरून 30 बोगदे काढले, चार मोठे पूल बांधले, स्थानकंही उभी राहिली, पण पुढे काम बारगळलं आणि गाडी एकदाही धावली नाही. 1993 पासून स्पेनमध्ये अशा सोडून दिलेल्या रेल्वेमार्गांच्या सायकलवाटा करायला घेतल्या, त्यांना विया वेर्दे म्हणतात, त्यातलीच ही एक. देशभरात मिळून आता तीन हजार किलोमीटरच्या वर भरतात. मूळ आखणी इंजिनासाठी असल्यामुळे चढ कुठेही अंगावर येत नाही. ओल्वेराहून निघालात तर बहुतेक उतारच आहे.

बोगद्यांबद्दल एक सांगते. दिवे आहेत, पण आपण आत शिरल्यावर ते लागतात, आणि काही ठिकाणी लागतच नाहीत. सर्वांत लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा आहे. बाहेर अंग भाजत असतं आणि आत घामाने भिजलेला टीशर्ट गार पडतो. त्यामुळे पुढचा दिवा आणि पातळ जाकीट हाताशी हवंच.

वाटेत साफ्रामागोनचा सुळका लागतो. तिथे ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडांची काय वाताहत केली ते ठाऊक असल्यामुळे मी तिथे सायकल आडवी टाकून नुसती मान वर करून बसले. एक गिधाड इतक्या खालून गेलं की पंखांचा आवाज आला. नवरा घड्याळ बघत होता. बघू दे.

सोलापुरी चटका
मी जर्मनीत राहतो, त्यामुळे सायकल ट्रेनने नेऊन कामिनो फ्रान्सेस या सान्तियागोला जाणाऱ्या यात्रामार्गावरचा बुर्गोस ते लेओन हा टप्पा केला. बरेच जण हाच भाग कंटाळवाणा म्हणून बसने उडवतात. मला तोच आवडला. मेसेता म्हणजे आठशे-नऊशे मीटर उंचीवरचं पठार, दोन्ही बाजूंना गहू, सावली नावाला. कास्त्रोखेरिसच्या पुढे मोस्तेलारेसचा चढ आहे. लांबी फार नाही, पण 12 टक्के. पलीकडचा उतार त्याहून खडा, त्यामुळे ब्रेक पॅड आधी बघून घ्या.

पाऊस पडून गेला असेल तर मातीची वाट सोडा आणि शेजारचा डांबरी रस्ता धरा. तिथली चिकणमाती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. मी टायर लिव्हरने खरवडत बसलो होतो, तेव्हा पायी चालणारे आजोबा "आनिमो, आनिमो" (हिंमत धरा) म्हणत पुढे निघून गेले.

कार्रिओन दे लोस कोंदेसनंतर 17 किलोमीटर एकही गाव नाही. सायकलवर ते अंतर काहीच नाही असं वाटतं, पण समोरून वारा असेल तर दोन तास धरून चला. फ्रोमिस्ताजवळ मात्र सुख आहे. तिथे कास्तियाचा कालवा लागतो. 1753 मध्ये खोदायला सुरुवात झाली ती जवळपास शंभर वर्षं चालली. कास्तियाचा गहू समुद्रापर्यंत न्यायचा बेत होता, पण 207 किलोमीटरवर काम थांबलं आणि समुद्र काही आला नाही. खेचरं ज्या काठाने बोटी ओढायची तीच आज सायकलची सपाट वाट आहे.

मुक्कामाचं: यात्रेकरूंच्या साध्या आल्बेर्गेंमध्ये (धर्मशाळांमध्ये) चालणाऱ्यांना आधी जागा देतात, सायकलवाल्यांना बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत थांबवतात. तक्रार करू नका, ते बरोबरच आहे. यात्रा केल्याचं सान्तियागोचं प्रमाणपत्र हवं असेल तर सायकलवर शेवटचे किमान 200 किलोमीटर लागतात, चालत 100. पुराव्यासाठी वाटेत शिक्के घेत जा.

तिखटमीठ
शाकाहारी मंडळींसाठी लिहिते, कारण हे कोणी नीट सांगत नाही.

मार्ग विया वेर्दे देल असेइते, हाएनपासून पुएंते हेनिलपर्यंत, साधारण 128 किलोमीटर. पूर्वी ऑलिव्हचं तेल वाहून नेणारी रेल्वे होती. नजर जाईल तिथे ऑलिव्ह, आणि तेही रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सारख्या अंतरावर. लोखंडी पुलांवर फळ्या टाकलेल्या आहेत, चाक गेलं की खडखडतात. आम्ही नोव्हेंबरअखेरीस गेलो तेव्हा तोडणीचा हंगाम सुरू होता. झाडाखाली जाळी पसरलेली, ट्रॅक्टरचा यांत्रिक हात खोड धरून गदागदा हलवतो आणि अर्ध्या मिनिटात झाड रिकामं.

आता पोटाचं. "कार्ने (मांस) नाही" एवढंच सांगितलंत तर ट्यूना येतो, कारण त्यांच्या लेखी मासे म्हणजे कार्ने नव्हे. "वेखेताल" नावाचं सँडविच मागवलंत तरी त्यात बहुधा ट्यूना निघतोच. साल्मोरेखो हे टोमॅटो-पावाचं गार सूप, आणि त्यावर हौसेने हॅमचे तुकडे भुरभुरतात. "सिन खामोन, सिन आतुन" (हॅम नको, ट्यूना नको) हे पाठ करा, हसत म्हणा, लोक मनापासून ऐकतात. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया प्रत्येक बारमध्ये मिळते. आणि सकाळी भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो, मीठ आणि टेबलावरच्या बाटलीतलं तेल. तेल हात राखून घालू नका, तिथे कोणी बघत नाही. सुएरोस हे कड्याला चिकटलेलं पांढरं गाव बकरीच्या चीजसाठी प्रसिद्ध आहे. वाटेवरून वर चढून जावं लागतं, पण जा.

स्वयंपाकघरं दुपारी साधारण चारला बंद होतात ती रात्री साडेआठ-नऊला उघडतात. मधल्या वेळात भूक लागली तर ती तुमची जबाबदारी. मी भडंग नेलं होतं.

नवशिक्या चाकरी
हेल्मेट सक्तीचं आहे का? आणि देशातल्या देशात ट्रेनमध्ये सायकल चढवू देतात का?

रानवाट
@नवशिक्या, गावाबाहेर सक्तीचं. मोठ्या चढावर किंवा कडक उन्हात मोठ्यांना सूट आहे, पण घाला. ओव्हरटेक करताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदा आहे आणि खेड्यातले ड्रायव्हर तो पाळतातही. ट्रेनचं म्हणाल तर प्रादेशिक गाड्यांत सायकल नेता येते, जागा मोजक्या असतात. आवे नावाच्या वेगवान गाड्यांमध्ये मात्र घडी करून किंवा सुटी करून पिशवीत.

माळरान
पश्चिम स्पेनमधला एक्स्त्रेमादुरा. सेव्हियाहून उत्तरेला जाणाऱ्या विया दे ला प्लाता या यात्रामार्गाच्या आसपासचे छोटे रस्ते. ओकची विरळ झाडी, खाली गवत, त्यात काळी डुकरं. चर्चच्या घंटाघरांवर करकोच्यांची घरटी, काही ठिकाणी एकाच मनोऱ्यावर चार-पाच, आणि चोची आपटल्याचा कटकटाट खालपर्यंत येतो. बुचाच्या ओकची साल नऊ-दहा वर्षांनी एकदा सोलतात. ताजं सोललेलं खोड खालून तांबडंलाल असतं, वरच्या फांद्या मात्र करड्याच.

दोन गोष्टी सांगतो. एक, कुत्रे. मेंढ्यांच्या कळपाबरोबर मास्तीन जातीचा धिप्पाड कुत्रा असतो आणि मेंढपाळ जवळ असेलच असं नाही. पळ काढायचा नाही. उतरायचं, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरायची, शांतपणे बोलत लांबून वळसा घालून चालत जायचं. कळपातून वाट काढायची तर नाहीच.

दोन, पंक्चर. उन्हाळ्याच्या शेवटी रस्त्याच्या कडेला जे काटे टायरमध्ये घुसतात ते म्हणजे आपले सराटे, वनस्पती अगदी तीच. विसाव्याला सायकल कडेच्या गवतात ढकलू नका. ट्यूबलेस टायर आणि आत भोक बुजवणारं भरपूर सीलंट असेल तर चिंता नाही. ट्यूब वापरत असाल तर जास्तीच्या दोन घ्या, रविवारी सगळी दुकानं बंद असतात.

आणि पाणी: गावच्या चौकातल्या नळावर "नो पोताब्ले" लिहिलं असेल तर पिऊ नका. काहीच लिहिलं नसेल तर बारमध्ये जाऊन विचारा. एक कॉफी घेतली की बाटल्या भरून देतात.

उलटा पेडल
विया वेर्देवर गेलात म्हणजे ग्रामीण स्पेन पाहिला असं मी मानत नाही. त्या वाटा रविवारच्या सहलीला उत्तम आहेत. मी तेरुएलहून सागुंतोकडे ओखोस नेग्रोसचा मार्ग केला, खाणीतलं लोहखनिज बंदरावर नेणाऱ्या जुन्या रेल्वेचा. एस्कांदोनच्या खिंडीपासून जवळजवळ समुद्रापर्यंत घरंगळत जायचं. मजा आली, पण गावं बाजूलाच राहून जातात.

खरी गंमत तेरुएलच्या दुसऱ्या बाजूला, आल्बार्रासीनच्या पलीकडच्या डोंगरात. माणसं निघून गेल्यामुळे ओस पडलेला हा मुलूख आहे. दुकान नाही, कधी बारही नाही. सकाळी पावाची व्हॅन चौकात येऊन हॉर्न वाजवते, दारं उघडतात, चार आज्या पिशव्या घेऊन बाहेर येतात आणि दहा मिनिटांत सगळं परत बंद. ती व्हॅन गाठता आली तर दिवसाच्या भाकरीचा प्रश्न सुटला. ऑगस्टमध्ये मात्र माद्रिद-बार्सिलोनाची मंडळी गणपतीला चाकरमानी कोकणात उतरावेत तशी येतात, चौकात बँड वाजतो आणि खोली मिळता मिळत नाही. जूनमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये जा. रात्री थंडी पडते, बाराशे-पंधराशे मीटरवर असता तुम्ही.

तिखटमीठ
@उलटा पेडल, त्या व्हॅनमध्ये पावाशिवाय काय मिळतं?

उलटा पेडल
मादालेना नावाचे छोटे केक, कधी टोमॅटो. चीज मिळालं तर नशीब. भडंग न्या.