तिमाहीला ६१,५०० व्याज आणि पाच मिनिटांचा गीझर

इंदिरानगरकर
डिसेंबरात पुण्याहून येऊन चार दिवस घरी होतो. तिकडे निफाडचा पारा उतरला की इकडे नाशकातही सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. अंघोळीला गेलो तर गीझरच्या बटणावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बाबांच्या रेखीव अक्षरात : ‘५ मिनिटे. नंतर बंद.’ सहाव्या मिनिटाला बाहेरून कडी वाजली.

बाबा ६८ वर्षांचे. सातपूरच्या कारखान्यात ३३ वर्षं काढली. फंड, ग्रॅच्युइटी मिळून जे आलं त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, ८.२ टक्क्यांनी. दर तिमाहीला ६१,५०० खात्यावर पडतात, म्हणजे महिना २०,५००. फ्लॅट स्वतःचा, कर्ज नाही, आम्हा दोघा भावंडांची लग्नं उरकलेली. आणि हा माणूस त्या व्याजातलं निम्म्याहून जास्त काढून त्याची पुन्हा एफडी करतो!

डायरी टेबलावरच असते, लपवत नाहीत. त्यात एक नोंद : ‘कोथिंबीर १०, रिक्षा (नाइलाज) ६०’. नाइलाज म्हणजे आईचा गुडघा. आईला काशीला जायचंय, सहा वर्षं झाली, दर वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’.

मला वाटतं, ज्या दिवसांसाठी साठवलं ते दिवस हेच. गुडघे साथ देतात तोवर खर्च करून घ्यावा. तुमच्या घरी काय चित्र आहे?

सातपूरकर७१
तुमच्या वडिलांच्या पिढीचा आहे म्हणून जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्हाला ६१,५०० दिसतात. आम्हाला व्याजदर दिसतो. जानेवारी २००० पर्यंत पीपीएफला १२ टक्के होते, सहा वर्षांत दामदुप्पट. आज ७.१, म्हणजे दहा वर्षं. तुमच्या वडिलांची योजना पाच वर्षांची. पुढे तीन वर्षं वाढवता येते, पण त्या दिवशी जो दर असेल त्याने. तो ८.२ च असेल असं लिहून देता का?

दुसरं, कंपनीवाल्यांची पेन्शन. माझी ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, २,३४० रुपये. निवृत्त झालो त्या महिन्यात जेवढी आली तेवढीच या महिन्यातही आली. तेरा वर्षांत एक रुपया वाढला नाही, वाढत नसतेच ती. दूध, गॅस, औषधं यांना मात्र कोणी गोठवून ठेवलेलं नाही. तुमचे वडील नव्वदीपर्यंत गेले (जावोत) तर २२ वर्षं काढायचीत त्यांना.

आणि पैसे संपले तर तुम्ही द्याल हो, शंकाच नाही. पण ते मागावे लागतील ना? ज्याने ३३ वर्षं दुसऱ्याच्या हातात पगार ठेवला त्याला विचारा मागणं म्हणजे काय.

जेलरोडची_सून
आमच्याकडे बरोब्बर उलटं. सासरे नोटांच्या प्रेसमधून रिटायर, पेन्शन सरकारी, वर जानेवारी-जुलैचा महागाई भत्ता. दर रविवारी मिसळ, दर वर्षी कुठेतरी ट्रिप, नातवाला सायकल. शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्यांचे शाळेपासूनचे मित्र, अंबडच्या कंपनीतले. ते मिसळीला येतात पण स्वतःचा पाव अर्धाच खातात, अर्धा कागदात बांधून नेतात. दोघं एकाच बाकावर वाढलेले. त्यामुळे कंजूषपणा, दिलदारपणा वगैरे स्वभावाच्या गोष्टी मला पटतच नाहीत. पेन्शन वाढती आहे की गोठलेली, एवढाच फरक.

हिशेबनीस
मग माझे काका कुठे बसवायचे? पेन्शन सरकारी, तीही भरभक्कम, आणि चप्पल चौथ्यांदा मोच्याकडे गेली आहे. स्वभाव असतोच.

चहाबाज
पुण्यात बसून सल्ले देणं सोपं आहे. विजेचं बिल तू भर की मोबाइलवरून. संपला विषय.

इंदिरानगरकर
@चहाबाज, दोन महिने भरलं. तिसऱ्या महिन्यात घरी गेलो तेव्हा परतताना बॅगेत पाकीट निघालं, दोन्ही बिलांचे पैसे सुट्या रुपयांसकट, आणि वर चिठ्ठी : ‘हिशेब पूर्ण’.

गोदाकाठ
मी ६६ वर्षांची आहे. पंचवटीत राहते, ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. सहसा इथे फक्त वाचते, आज लिहिते.

आमचे हे इंदिरानगरकरांच्या बाबांसारखेच, उलट एक पायरी वर. सगळे पैसे एकाच सहकारी बँकेत, कारण पाव टक्का जास्त. तिच्यावर निर्बंध आले आणि आम्हाला स्वतःच्या पैशांसाठी रांगेत उभं राहावं लागलं. ठेवींवरचं विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून लाखाचं पाच लाख झालंय म्हणून आमचं पुष्कळसं वाचलं, सगळं नाही. म्हणजे खर्च न करता साठवून ठेवलेलंही सुरक्षित असतंच असं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

ते गेल्यावर कपाट आवरलं. नवे शर्ट निघाले तीन. पाकिटातले, कॉलरखालचा पुठ्ठा, टाचण्यासुद्धा न काढलेल्या. दिवाळीला मुलीने दिलेले असणार. ‘बाहेर जाताना घालू’ म्हणून ठेवलेले. दोन भाच्याला दिले. तिसऱ्याची घडी पिवळी पडली होती.

मी आता महिन्यातून एकदा एसटीने वणीला जाते. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. गडावर रोपवेने जाते, जेवते, संध्याकाळी परत. मला नाही त्याचं काही वाटत.

सातपूरकर७१
ताई, वाईट वाटलं वाचून. पण एक विचारू? यजमान आजारी असतील तेव्हा दवाखान्याचं बिल कशातून भरलंत?

गोदाकाठ
त्यांच्याच पैशांतून. अकरा दिवस आयसीयू, सव्वाचार लाख. मुलीकडे मागावे लागले नाहीत. तुमचा मुद्दा कळतो मला, भाऊ.

तरी एक शर्ट घालायला हवा होता.

हिशेबनीस
सव्वाचार लाख वाचून लिहितो. ज्येष्ठांचा खरा बागुलबुवा दवाखाना आहे, गीझर नाही. तो बाजूला काढला तर हात आपोआप सैल होतो. सत्तर पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही. आपल्याला हवं ते रुग्णालय त्या यादीत आहे का ते मात्र आधी बघून ठेवावं. सत्तरीपर्यंत मेडिक्लेम. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेलाच आहे. शिवाय दवाखान्याच्या नावाने एक एफडी, तिला हात लावायचा नाही. मग उरलेलं व्याज हे व्याज, म्हणजे खाण्यासाठीच.

सातपूरकर७१
हे पटलं. ‘खर्च करा, मजा करा’ म्हटलं की आमच्या अंगावर काटा येतो. हे अमुक दवाखान्याचं आणि हे तमुक घरचं अशी वाटणी केली की निदान ऐकावंसं वाटतं.

जेलरोडची_सून
आणि काशीचं? इंदिरानगरकर, तुमच्या आईंना कोणी विचारलं का? सगळी चर्चा बाबांच्या पैशांवर चाललीय.

इंदिरानगरकर
बरोबर पकडलंत. विचारलं नव्हतं. काल फोन केला. आई म्हणाली, काशी राहू दे, सहा वर्षांपूर्वी पायऱ्या चढता येत होत्या. आता रोज सकाळी तेवढं गरम पाणी पाठीवर घेता आलं तरी पुष्कळ.

मी बाबांना फोनवर द्यायला सांगितलं आणि हेच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने, ‘सत्तर पूर्ण लागतात का त्या कार्डाला? मग दोन वर्षं आहेत,’ एवढंच.

आज आईने फोटो पाठवलाय. चिकटपट्टी बदलली आहे : ‘७ मिनिटे’. आणि डायरीत कालपासून ‘गीझर’ असा नवा रकाना.

सातपूरकर७१
किती लिटरचा आहे? पंधराचा असेल तर या थंडीत सात मिनिटांत पाणी कोमटच होणार, वीज फुकट जाईल. दहा तरी करायला सांगा.