सीनिअर डेव्हऑप्स : पाटी बदलली, मग काय बदललं? (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात आमच्या टीमसाठी सीनिअर डेव्हऑप्स इंजिनिअरचे (कोड सर्व्हरवर चढवून तो चालता ठेवणाऱ्यांचे) इंटरव्ह्यू घेतले. अकरा जण आले. सगळ्यांच्या रेझ्युमेवर तीच नावं: डॉकर, क्युबरनेटीस, टेराफॉर्म, जेन्किन्स, प्रोमिथियस. मी प्रत्येकाला एकच विचारलं, "तुमच्या हातून प्रॉड (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) कधी पडलं, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत काय केलंत?" नऊ जण म्हणाले, "माझ्या हातून नाही पडलं कधी." उरलेल्या दोघांना पुढच्या राउंडला बोलावलं.

तर टूल्सच्या याद्या नकोत, त्या पैशाला पासरी मिळतात. सीनिअर झाल्यावर गळ्यात नेमकं काय पडलं ते लिहा. कंपनीचं नाव टाकू नका, काहींना अजून तिथेच पगार घ्यायचाय.

माझ्यापासून सुरुवात करतो. शुक्रवार संध्याकाळ. टीममधल्या पोराने पीआर (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) टाकला: डेटाबेसचं एन्क्रिप्शन चालू करायचं. बदल एका ओळीचा. टेराफॉर्म (कोड वाचून सर्व्हर, डेटाबेस उभं करणारं टूल) आधी दाखवतं तो प्लॅन मात्र लांबलचक, टॅग्जचे किरकोळ बदलच जास्त. मी वरून नजर टाकली आणि ॲप्रूव्ह केला. चालू आरडीएस (ॲमेझॉन क्लाउडवरच्या) डेटाबेसवर एन्क्रिप्शन नुसतं चालू करता येत नाही, त्यामुळे टेराफॉर्म जुना पाडून नवा बांधायला घेतं. शेवटच्या ओळीत 'वन टू डिस्ट्रॉय' लिहिलेलं होतं. तिथपर्यंत मी पोहोचलोच नव्हतो. नवाकोरा डेटाबेस उभा राहिला, एन्क्रिप्टेड आणि रिकामा.

पाडण्याआधी शेवटचा स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) घेण्याची सेटिंग कोणीतरी पूर्वी चालू ठेवली होती, म्हणून वाचलो. गंमत म्हणजे एन्क्रिप्शनचा योग्य रस्ता तोच आहे: स्नॅपशॉट घ्या, त्याची एन्क्रिप्टेड प्रत करा, तिच्यावरून नवा डेटाबेस उभा करा. आम्ही तो रात्री घाम पुसत चाललो. सोमवारी मॅनेजरने विचारलं, "कोणी केलं?" पोराचा चेहरा पडला होता. आरसीएमध्ये (बिघाडाच्या मूळ कारणाच्या अहवालात) मी लिहिलं: ॲप्रूव्ह मी केला, प्लॅन पूर्ण न वाचता. त्याच आठवड्यात डिलीशन प्रोटेक्शन लावलं, आणि प्लॅनमध्ये 'डिस्ट्रॉय' दिसला की पाइपलाइन (बदल आपोआप लागू करणारी साखळी) थांबून दुसऱ्या माणसाची सही मागते, अशी सोय केली.

रातकिडा

माझी तक्रार अलर्टची. ऑन-कॉलचा (बिघाड झाला की रात्रीही उठायचा) आठवडा आला की घरात सगळ्यांचीच झोप उडायची. रात्री पावणेतीनला फोन वाजला की आधी सासूबाई उठायच्या, मग मुलगी, मग मी. बघावं तर 'सीपीयू ८० टक्के'. बरं मग? सीपीयू वापरायलाच घेतलाय ना! पाच मिनिटांत आपोआप खाली.

सीनिअर झाल्यावर पहिलं काम हे केलं की तीन महिन्यांचे सगळे अलर्ट एका शीटमध्ये ओतले आणि प्रत्येकापुढे एक रकाना ठेवला: 'उठून काय केलं?' बहुतेक ठिकाणी 'काही नाही'. ते सगळे उडवायचे म्हटल्यावर मॅनेजर हादरला. "आणि त्यातला एखादा खरा निघाला तर?" शेवटी तह असा झाला: ग्राहकाला त्रास होत असेल तरच फोन वाजेल, बाकीचं सकाळी चहाबरोबर चॅनेलवर वाचायचं.

दुसरी लढाई सेल्सशी. त्यांनी ग्राहकाला ९९.९९ टक्के अपटाइम (सेवा चालू राहण्याचा वेळ) लिहून दिला, आम्हाला न विचारता. मी मीटिंगमध्ये गणित मांडलं. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं बंद चालतं. ९९.९९ म्हणजे चार मिनिटं आणि वर काही सेकंद. "फोन वाजल्यावर चष्मा शोधून, लॅपटॉप उघडून, व्हीपीएन जोडेपर्यंतच माझी चार मिनिटं जातात." करार बदलला. ज्युनिअर असते तर मुकाट्याने अजून चार अलर्ट लावले असते.

जुनं_खोड

आम्ही सिस्टिम ॲडमिन होतो, पाटी बदलून डेव्हऑप्स झालो. दोनच ओळी लिहितो. 'डिस्क फुल' एरर येतेय आणि डिस्क तर ४० टक्के रिकामी दिसतेय, म्हणून दोन हुशार पोरं अर्धा दिवस क्लाउडला शिव्या देत होती. मी म्हटलं, डीएफ मायनस आय करून बघा. इनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले होते. कुठल्याशा ॲपने लाखो इवल्या सेशन फाइल्स टाकून ठेवल्या होत्या. वर कितीही थर चढवा, तळाशी लिनक्सच आहे.

हिशेबनीस

आमच्याकडे सीनिअर म्हणजे महिन्याच्या ३ तारखेला फायनान्सवाल्या मॅडमसमोर क्लाउडचं बिल घेऊन बसणारा माणूस. एकदा त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं: "हे नॅट गेटवे काय असतं हो? हे सर्व्हरपेक्षा महाग कसं?" मला उत्तर देता आलं नाही. लाज वाटली.

शोधलं तर आमचे पॉड्स (क्युबरनेटीसवर चालणारी ॲपं) एस-थ्रीमधून (ॲमेझॉनच्या फाइल-साठवणीतून) दिवसभर फाइल्स ओढत होते, आणि तो सगळा माल नॅट गेटवेतून (खासगी नेटवर्कमधून बाहेर जायच्या दरवाजातून) जात होता. उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये त्याला जीबीमागे साडेचार सेंट पडतात. आकडा चिल्लर वाटतो, पण टेराबाइट मोजायला लागलात की घाम फुटतो. एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट (नॅटला वळसा घालणारा थेट रस्ता) फुकट मिळतो. रूट टेबलमध्ये एक नोंद केली, काम दहा मिनिटांचं. पुढच्या महिन्यात मॅडमनी स्वतःहून चहा पाजला. पाच वर्षांत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं अवॉर्ड.

बेल्जियमकर

मी गेंटपासून तासाभरावर राहतो. २००९ मध्ये पॅट्रिक देब्वा यांनी पहिलं डेव्हऑप्सडेज (या कामाचं संमेलन) तिथेच भरवलं आणि हा शब्द रुळला, त्यामुळे आपल्याला गावकऱ्याचा अभिमान आहे.

माझा अनुभव थोडा उलटा आहे. साइट पडली, कॉलवर चौदा जण. मी टीममध्ये टर्मिनलवर सगळ्यात वेगवान, म्हणून घुसलो. मी सर्व्हिस रीस्टार्ट करतोय, त्याच वेळी दुसरा कोणीतरी रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत) करतोय, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. लॉग्ज बघावेत तर कुठला परिणाम कशाचा ते कळेना. तेव्हा आमची प्रिन्सिपल इंजिनिअर शांतपणे म्हणाली, "तू कीबोर्ड सोड. कोण काय करतंय आणि किती वाजता, एवढंच लिही." मला अपमान वाटला. पण वीस मिनिटांनी त्या यादीतच उत्तर सापडलं: पडण्याच्या सहा मिनिटं आधी एकाने फीचर फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद करणारं बटण) बदलला होता आणि तो 'डिप्लॉय' (नवा कोड चढवणं) नव्हे म्हणून गप्प बसला होता.

आता कॉलवर मी टर्मिनल उघडतच नाही. हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू.

आणखी एक. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐनवेळी एकही धड चालेना. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं. त्यांनी हे सगळं जगजाहीर लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत. मी ते वाचलं त्या आठवड्यात आमचा बॅकअप रिस्टोअर करून बघितला. फाइल उघडली, पण पासवर्ड ज्याच्याकडे होता तो नोकरी सोडून गेलेला. आता दर तिमाहीला एक दिवस रिस्टोअरचा. डेव्हलपर 'श्राद्ध' म्हणतात त्याला.

रातकिडा

@बेल्जियमकर, 'श्राद्ध' ढापलं आहे. उद्यापासून आमच्याकडेही.

रेंज_नाही

वरचं सगळं मान्य. माझं गाव राजापूरच्या पुढे. आमच्या घरी फोनला रेंज एकाच जागी येते, विहिरीच्या कठड्यावर. चार वर्षं गणपतीत मी मखराऐवजी त्या कठड्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. आई म्हणायची, "तुझा गणपती विहिरीवर बसवलाय."

सीनिअर झालो तेव्हा ठरवलं की माझ्या डोक्यात जे आहे ते कागदावर आणायचं. सहा महिने रनबुकं (बिघाडात काय करायचं त्याच्या पायऱ्या) लिहिली, आणि महिन्यातून एकदा टीममधल्या मुलीला स्टेजिंगवर (प्रॉडच्या चाचणीच्या प्रतीवर) मुद्दाम काहीतरी मोडून द्यायचो. मी शेजारी बसायचो, पण तोंड बंद. हे सगळ्यात अवघड होतं. ती चुकीच्या पॉडचे लॉग्ज बघतेय हे दिसत असताना चहाचा कप धरून बसायचं.

यंदा गौरी-गणपतीचे पाच दिवस फोन कपाटात ठेवला. विसर्जनानंतर कठड्यावर जाऊन उघडला. मिस्ड कॉल एकही नाही. मात्र गौरी जेवणाच्या रात्री क्यू (मेसेजची रांग) तुंबला होता आणि तिने तो पन्नास मिनिटांत मोकळा केला होता. खाली तिचा पीआर, माझ्या ॲप्रूव्हलसाठी थांबलेला: "रनबुकमधली पायरी ४ चुकीची आहे. तसं केलं असतं तर सगळे मेसेज उडाले असते. दुरुस्त केलंय."

तिथेच ओल्या पंच्यावर बसून ॲप्रूव्ह केला.

धागाकर्ता

शेवटच्या ओळीपर्यंत वाचून केलात ना?