कोपऱ्यातली सरळ रेघ

कुणीतरी विचारलंय की बास्केटबॉलमधली तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन गुण मिळतात) कोपऱ्यात सरळ का होते. कारण साधं आहे, जागाच नाही! एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं, मैदान ९४ बाय ५० फूट. बास्केट रुंदीच्या मधोमध, म्हणजे बाजूच्या रेषेपासून २५ फुटांवर. बास्केटपासून २३ फूट ९ इंचांवरचा रेषेचा कंस तसाच पुढे नेला तर बाहेर जेमतेम सव्वा फूट उरतो. तिथे उभं कसं राहणार? म्हणून कोपऱ्यात अंतर २२ फूट, पाय ठेवायला ३ फूट. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) २८ बाय १५ मीटर मैदानावरही हीच तडजोड: ६.७५ मीटर, पण कोपऱ्यात ६.६०. बरं, फिबाची ती समलंब चौकोनी 'की', म्हणजे बास्केटसमोरचा आखलेला भाग, आठवते का कुणाला? २०१० मध्ये तिचा आयत झाला. मला जुनीच आवडायची.