मदत हवी आहे: नव्या हायब्रिडचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं?

गाडी हायब्रिड आहे, प्लग-इन (बाहेरून चार्ज होणारी) नाही. डिस्प्लेवरचा आकडा टाकी-टू-टाकी हिशेबापेक्षा दरवेळी जास्तच येतो. माझा हिशेब असा: तोच पंप, तेच नोझल, नोझल आपोआप बंद झालं (पहिला ऑटो-कट) की थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा; पुढच्या वेळी किलोमीटर भागिले भरलेले लिटर. कटनंतर वरून भरत नाही, कारण पेट्रोल वाफेच्या कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ शोषणाऱ्या डब्यात) गेलं तर तो खराब होतो. कट अर्धा लिटर पुढेमागे झाला तर 10 लिटरवर 5 टक्के चूक, 35 लिटरवर दीड टक्काही नाही. त्यामुळे टाकी बरीच खाली गेल्यावरच भरतो.

बॅटरीचं फारसं टेन्शन नाही. साधारण एका युनिटच्या (kWh) बॅटरीचं चार्जिंग दोन भरण्यांमध्ये अर्धं वरखाली झालं तरी फरक पाव लिटरच्या आत. छोट्या फेरीत मात्र तोच सगळा हिशेब बिघडवतो.

अडलंय दोन ठिकाणी. ओडोमीटर जीपीएसशी ताडून पाहायचा, तर वळणांवर जीपीएस कोपरे कापतं. सरळ हायवेवर किमान किती अंतर घ्यावं? टायर झिजले की पुन्हा तपासता का?

दुसरं, ओबीडी अडॅप्टरवर (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावून इंजिनचे आकडे वाचणारं यंत्र) इंधनप्रवाह कोणी नोंदवलाय का? बरीच ॲप्स तो हवेच्या सेन्सरवरून काढतात. इंजिन सारखं बंद-चालू होत असताना तो आकडा कितपत धरावा?