मदत हवी आहे: एमजी टीडी गरम झाली की बंद पडते, डायनामो चार्ज करत नाही, आणि गाडीतलं मूळचं काय हे कसं ओळखायचं?

रावपुरेकर (मंगळवार सकाळ)
नमस्कार मंडळी. घरची एमजी टीडी आहे, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, 1951 ची, आजोबांनी घेतलेली. अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती, दिवाळीनंतर बाहेर काढली. सुरू लगेच होते. दहा-पंधरा मिनिटं छान चालते, मग आचके देते आणि बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. रेस दिली की अँमीटरचा (बॅटरीत करंट जातो की बाहेर येतो ते दाखवणारा) काटा मायनसकडे जातो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनामो गेला. मिस्त्री म्हणतो त्याच्या जागी नव्या गाड्यांसारखा अल्टरनेटर बसवू.

दुसरं म्हणजे नात्यातल्या एकांनी गाडी बघून सांगितलं की ही जोडाजोडीची आहे, खरी टीडी नव्हेच. बाबांना ते फार लागलं. मूळचं काय आणि नंतर लावलेलं काय, हे कसं ठरवायचं? रविवारी बाबांचा 75 वा वाढदिवस आहे, त्यांना याच गाडीतून इथे वडोदऱ्यात कमाटीबागेपर्यंत न्यायचंय. लवकर सांगा.

मकरपुरा_लेथ
बंद पडते तेव्हा प्लगला करंट येतो की नाही? पंपाचा आवाज येतो की नाही? हे सांगितल्याशिवाय सगळे अंदाजच बांधतील.

जुनेंजिन
यात अंदाज कसला? पेट्रोल. आता 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाडीचे रबरी पाइप त्याने आतून फुगतात, कचरा सुटतो. वर टीडीचा पेट्रोल पंप बॉनेटखालीच आहे, तो तापला की वाफ धरते. पंपावर ओलं फडकं टाका, पाइप सगळे बदला. माझ्या फियाटचं हेच झालं होतं.

मकरपुरा_लेथ
पाइप बदलायलाच हवेत, मान्य. पण पाइपातला कचरा घड्याळ लावून पंधराव्या मिनिटाला आडवा येत नाही.

हरणी_रोड
सरळ सल्ला देतो. अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि नवा पंप, तिन्ही एकदम करून टाका. मी माझ्या जुन्या हेराल्ड गाडीला केलं, चार वर्षं बॉनेट उघडलेलं नाही. वडिलांना फिरवायचंय की डायनामोची पूजा करायचीय?

अष्टकोन
हरणी_रोड, तुमचा राग समजतो, पण ज्याला मूळचं काय ते शोधायचंय त्याला तुम्ही मूळचं काढून फेकायला सांगताय. रावपुरेकर, डायनामोला हात लावू नका. आधी सांगा, बॅटरी नवी घातली का? तिची कुठली बाजू अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जोडलीय?

रावपुरेकर
बॅटरी नवी आहे, दिवाळीत घातली. मायनस अर्थला आहे, सगळ्या गाड्यांना असतो तसाच. त्याचा काय संबंध? प्लगचं बघितलं नाही. पंप टिक-टिक करतो.

अष्टकोन
संबंध आहे. टीडीला प्लस अर्थला असतो. त्या काळच्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांचं तसंच होतं. कुणीतरी बॅटरी उलटी जोडलीय. अशा वेळी अँमीटर उलटं वाचतो: चार्ज होत असतं आणि काटा मायनस दाखवतो. मीटर थेट बॅटरीवर लावा, गाडी बंद असताना आणि मग रेस दिल्यावर. आकडा वर चढला तर डायनामो ठणठणीत आहे. आणि प्लगला करंट देणाऱ्या कॉइलच्या दोन तारा तशाच राहिल्या असतील तर ठिणगी उलट्या बाजूने जाते आणि कमजोर पडते.

सुरसागर
एमजीचा कारखाना हलोलला आहे की, तासाभराच्या आत पोचाल. तिथे विचारून बघा, पार्ट मिळतील.

अष्टकोन
नाव तेच, गाडी वेगळी. हलोलचा कारखाना आधी जनरल मोटर्सचा होता, एमजी नावाच्या गाड्या तिथून निघायला लागल्या 2019 मध्ये. टीडी बनली इंग्लंडात, ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला, आणि तो कारखाना 1980 मध्ये बंद झाला.

सुरसागर
जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तिथे नातवाला घेऊन गेलो होतो. असल्या गाड्या रस्त्यावर दिसायला हव्यात. रविवारी निघालात की परत येताना सेव-उसळ खाल्ल्याशिवाय घरी जाऊ नका.

मकरपुरा_लेथ
पंप टिक-टिक करतो म्हणजे कसा? हा एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पंप आहे, त्याचा आवाजच सगळं सांगतो. कार्ब्युरेटर भरलेले असले की तो थांबतो किंवा मधूनच एखादी टिक देतो. पेट्रोल पोचत नसेल, कुठून हवा ओढत असेल, तर भराभर वाजत सुटतो. अजिबात वाजत नसेल तर त्याचे पॉइंट चिकटलेत, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकलं की चालू होतो. गाडी मुद्दाम बंद पडू द्या, पडली की लगेच ऐका. पेट्रोलच्या टाकीचं झाकणही उघडून बघा, हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलंय. मग एक प्लग काढून ब्लॉकला टेकवा, सेल्फ मारा, ठिणगीचा रंग बघा.

फतेगंज_79
पेट्रोल आहे ना पण? टीडीला पेट्रोलचा काटा नसतो, कमी झालं की फक्त हिरवा दिवा लागतो, आणि अकरा वर्षांनी तो दिवा लागेलच असं नाही. टाकीत काठी घालून बघा.

रावपुरेकर (बुधवार रात्र)
पेट्रोल अर्धी टाकी आहे. झाकणाचा काही आवाज नाही. मीटर लावला: बंद असताना 12.5, रेसवर 14. म्हणजे चार्ज होतंय! गाडी चौदाव्या मिनिटाला बंद पडली, पंप एकदाच टिक करून थांबला. ठिणगी पिवळट, बारीक. थंड झाल्यावर निळी, जोरात. काय घेऊ? पूर्ण डेल्को (डिस्ट्रिब्युटर) बदलू का?

मकरपुरा_लेथ
काही घेऊ नका. पेट्रोल पोचतंय, आग लागत नाहीये. थंड असताना ठीक आणि तापल्यावर मरतो, हा कंडेन्सर, डेल्कोतली ठिणगी जोरात पाडायला मदत करणारी छोटी डबी. आतलं इन्सुलेशन गेलं की गरमीत तो गळतो. जुना कंडेन्सर सोडवून ठेवा, अँबेसेडरचा एखादा चांगला घ्या आणि बाहेरूनच जोडा: तार कॉइलच्या त्या टोकाला जिथून डेल्कोकडे वायर जाते, खोळ अर्थला घट्ट. तेवढं करून अर्धा तास फिरवा. त्यात फरक नाही पडला तर कॉइल.

जुनेंजिन
तरी पाइप बदला. गरम इंजिनावर पेट्रोल गळलं तर वाढदिवस राहील बाजूला.

अष्टकोन
जुनेंजिन यांचं हे ऐकाच. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण बाबांना लागलंय ते त्याचं.

इंजिनाच्या डाव्या अंगाला एक अष्टकोनी पितळी पट्टी असते. तिच्यावर एक्सपीएजी (इंजिनाच्या प्रकाराचं नाव), मग टीडी किंवा टीडी2, मग नंबर. टीडी2 म्हणजे क्लच मोठा, 8 इंची. 1951 च्या गाडीत दोन्ही असू शकतात. चासी नंबर पुढच्या डाव्या बाजूला, चासीच्या शिंगावर (पुढे आलेल्या टोकावर) ठोकलेला असतो, वायर ब्रशने रंग खरवडावा लागेल. बॉनेटखालच्या प्लेटवर दोन्ही नंबर छापलेले असतात. इंजिन आणि चासीचा आकडा एकच नसतो, तसा तो कारखान्यातूनही नव्हता, त्यावरून कुणी खोटं ठरवलं तर मानू नका. प्लेटशी जुळले की झालं. पहिली टीडी 0251 नंबरची होती, कारण कारखान्याचा फोन नंबर 251. तेव्हा आकडा चारपाचशेच्या आसपास निघाला तर गाडी फार सुरुवातीची.

मागचे दिवे चौकोनी आहेत की गोल? गोल आले 1952 च्या शेवटी. चाकं कसली आहेत?

रावपुरेकर
दिवे चौकोनी. चाकं तारेची.

अष्टकोन
मग नातेवाइकांनी चाकं बघून बोललं असणार. तारेची चाकं टीडीला कारखान्यातून मिळतच नव्हती. आधीच्या टीसीला होती, 19 इंची. टीडीला 15 इंची पोलादी डिस्क, पाच बोल्टची, सुरुवातीची काही शे सोडली तर भोकं असलेली. पण चाकं चार तासांत बदलतात, त्यावरून गाडी जोडाजोडीची ठरत नाही.

हरणी_रोड
तारेची चाकं दिसायला सुंदर आहेत, काढू नका.

मकरपुरा_लेथ
एक महत्त्वाचं. इंजिनाचा बोल्ट निसटला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला घालू देऊ नका. या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण 8 मिमीचा आटा 1 मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर), आपला नेहमीचा 1.25 चा. वरून बोल्टचं डोकं व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचं. मिस्त्रीने जोर करून नेहमीचा बोल्ट मारला की ब्लॉकचे आटे गेले. माझ्याकडे दोन इंजिनं अशीच आली होती. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट 19 थाऊ, म्हणजे इंचाचे 19 हजारांश, ठेवतात आणि ते खटखट करतात, आवाज कमी करायला कुणी ते घट्ट करू नये.

फतेगंज_79
दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी लावलेले असतात, म्हणजे बसताना बाबांचा हात सांभाळा. आणि दार खाली आलं असेल तर बिजागरी बदलू नका, आतलं लाकूड बघा. टीडीच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा. अकरा वर्षं शेडमध्ये म्हणता, वाळवी तपासा. बोटाने दाबलं तर कळेल.

जुनेंजिन
मागून ऑइलचे चारदोन थेंब पडतात का?

रावपुरेकर
हो, पडतात. तेही सांगायचं राहिलं.

मकरपुरा_लेथ
राहू द्या. मागच्या बेअरिंगला रबरी सील नाही, ऑइल परत ढकलणारी उलटी आटी आहे, उभ्या गाडीत थोडं गळतंच. दांडिया बाजारातला कुणी सील बसवतो म्हणाला तर आधी मला विचारा.

रावपुरेकर (रविवार संध्याकाळ)
कंडेन्सर बदलला. अँमीटरच्या आणि कॉइलच्या तारा उलट केल्या. पाइप सगळे नवे. आज रावपुऱ्यातून कमाटीबाग, तिथून सयाजीगंजचा फेरा, पन्नास मिनिटं एकदाही बंद नाही. अल्टरनेटर रद्द.

नंबरही निघाले. प्लेट, चासी आणि पितळी पट्टी तिन्ही जुळतात. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचले. मग म्हणाले की तारेची चाकं आजोबांनी स्वतः बसवली होती, टीसी आवडायची म्हणून. मूळची डिस्क माळ्यावर पोत्यात आहेत. उघडून बघितलं तर चारच निघाली, भोकं असलेली. पाचवं चाक कुणाकडे असेल तर कळवा, वडोदऱ्यात असेल तर मी येऊन घेऊन जाईन.